अठरा वर्षांनंतर कुठे जायचे?

बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेल्या मुलाची विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. त्यानंतर काय, या प्रश्नाला आपल्याकडे दोनच ठरलेली उत्तरे आहेत: घर, नाहीतर कार्यशाळा. तिथे पणत्या रंगवायच्या, कागदी पिशव्या करायच्या, उदबत्त्या पुड्यांत भरायच्या. या कार्यशाळांना नावे ठेवण्याचा हेतू नाही. मुलाचा दिवस मार्गी लागतो, आईला चार तास मोकळे मिळतात. पण दिवाळीतल्या पणत्या बऱ्याचदा कौतुकापोटी खपतात आणि कौतुकातून बारा महिन्यांचा पगार निघत नाही.

अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात १९९६ साली याला वेगळे उत्तर मिळाले. आपत्कालीन विभाग सांभाळणाऱ्या परिचारिकेची अडचण अगदी साधी होती. हातमोजे, सलाइनचे संच, पट्ट्या असे साहित्य रोज जागच्या जागी भरून ठेवायला माणसे टिकत नव्हती. काम तेच ते, पण चूक झालेली चालत नाही. हे काम बौद्धिक अक्षमता असलेले तरुण नीट करतील, असे तिला वाटले आणि त्यातून ‘प्रोजेक्ट सर्च’ हा उपक्रम उभा राहिला. शाळेचे शेवटचे वर्ष विद्यार्थी रुग्णालयातच काढतात. वर्गही तिथे, शिक्षकही तिथे, आणि वर्षभरात तीन वेगवेगळ्या विभागांत प्रत्यक्ष काम.

कामाच्या जागीच का शिकवायचे, यामागे एक शास्त्रीय कारण आहे. बौद्धिक अक्षमतेत आणि स्वमग्नतेत एका जागी शिकलेले कौशल्य दुसऱ्या जागी आपोआप जात नाही. वर्गातल्या खोट्या दुकानात नोटा अचूक ओळखणारा मुलगा खऱ्या वाण्यापुढे गोंधळतो. म्हणून ‘आधी पूर्ण तयार करू, मग नोकरी शोधू’ या क्रमात तयारी कधी पूर्णच होत नाही. व्हर्जिनियातल्या रुग्णालयांत स्वमग्न तरुणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले होते. कामाच्या जागी प्रशिक्षण मिळालेल्या २४ जणांपैकी २१ जणांना नोकरी लागली. नेहमीच्या सेवा मिळालेल्या १६ जणांपैकी एकाला. अभ्यास लहान आहे, पण फरक डोळ्यांत भरणारा आहे.

शिकवण्याची पद्धत त्याहून जुनी. १९७०च्या दशकात मार्क गोल्ड या अमेरिकी संशोधकाने तीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या लोकांना पंधरा सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जोडायला शिकवले. युक्ती एवढीच की कामाचे बारीक तुकडे करायचे. ‘ट्रॉली भर’ ही एक सूचना नव्हे; त्यात दहा-बारा सूचना दडलेल्या असतात. यादीचे चित्र बघ, निळा खोका काढ, रेघेपर्यंत भर, खूण कर. कधी कधी शेवटची पायरी आधी शिकवतात, म्हणजे पहिल्याच दिवशी काम पुरे केल्याचा आनंद मिळतो. सोबतचा प्रशिक्षक आधी हात धरून दाखवतो, मग नुसते बोट, मग फक्त नजर, आणि काही आठवड्यांनी तो दारापाशीच थांबतो.

नोकरी टिकवताना अडचण मात्र ट्रॉलीपाशी क्वचित येते. ती येते डबा खाताना, बस चुकल्यावर, कुणी चिडवल्यावर. एकट्याने प्रवास करणे, फोनवर ‘मला उशीर होतोय’ कळवणे, स्नान आणि कपडे, मासिक पाळीत स्वतःची काळजी, नको त्या स्पर्शाला ‘नाही’ म्हणून लगेच घरी सांगणे, ही खरी तयारी. ती चौदाव्या वर्षी सुरू झाली तर उत्तम. चौदा वर्षांच्या मुलाचे ताट आईच उचलत असेल, तर पुढे कुठलाही प्रशिक्षक फार काही करू शकणार नाही. हे आयांना ऐकायला आवडत नाही, मला ठाऊक आहे.

डॉक्टरांचेही यात काम आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांत थायरॉइड मंदावणे, कमी ऐकू येणे आणि दृष्टिदोष बरेच आढळतात. मूल ‘आळशी झाले’ म्हणण्याआधी या तीन तपासण्या कराव्यात. फिटच्या औषधाने सकाळी गुंगी येत असेल, तर मात्रेची वेळ बदलता येईल का, हे न्यूरॉलॉजिस्टना विचारावे; आपल्या मनाने बदलू नये.

आपल्याकडे कायदा आहे. १९९५च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वे होती, २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत. सरकारी नोकरीतले आरक्षण तीनवरून चार टक्के झाले आणि त्यात स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता व मानसिक आजार यांना प्रथमच वाटा मिळाला. त्यासाठी किमान ४० टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. खासगी क्षेत्रावर सक्ती नाही. निदान पाच टक्के कर्मचारी अपंग असावेत म्हणून सरकारने सवलती द्याव्यात, एवढेच कायदा म्हणतो. म्हणजे खासगी नोकरी मिळवायची, तर कुणीतरी मालकाच्या दारी जाऊन बोलायलाच हवे.

बोलताना मुलाखत टाळण्याची विनंती करावी. ‘स्वतःबद्दल सांगा’ या प्रश्नावर स्वमग्न तरुण गप्प बसेल आणि मालक निर्णय घेऊन मोकळा होईल. त्याऐवजी तीन दिवस काम करून दाखवू द्या, असे म्हणावे. मग सोयी ठरवाव्यात: भिंतीवर कामाची चित्रे, सूचना देणारी एकच ठरलेली व्यक्ती, गोंगाटापासून दूर जागा. यांतल्या बहुतेकांना खर्च जवळपास नाहीच. ओळखीचे औषध दुकान, ग्रंथालय, हॉटेलचे भटारखाने, दवाखान्यातली फाइलींची खोली, अशा जागांपासून सुरुवात करावी. तिथल्या मालकाला विचारावे, ‘तुमच्याकडे रोज तेच ते असणारे, पण कुणी मन लावून करत नाही असे कोणते काम आहे?’