तारखांची वही

लेकीला शाळेतून काढलं तेव्हा मी घरातच शाळा भरवली. भिंतीवर तासांचं वेळापत्रक, दर शनिवारी चाचणी. तीन आठवड्यांत आम्ही दोघी रडकुंडीला आलो. आता ठरलेलं एवढंच: नाश्त्यानंतर दीड तास गणित आणि भाषा, दुपारी तिच्या आवडीचं काम. ही वेळ मात्र पाहुणे आले तरी चुकवत नाही.

‘पण तिला येतंय की नाही, कळतं कसं?’ सासूबाई विचारतात. मी त्यांच्यापुढे दोनशे पानी वही ठेवते. रोज रात्री तारीख टाकून दोन ओळी. जूनमध्ये लिहिलंय, ‘पाव किलो भेंडीचा हिशेब बोटांवर.’ नोव्हेंबरमध्ये, ‘६० रुपये किलोने ७०० ग्रॅमचे ४२, भाजीवाल्याच्या आधी सांगितले.’ हा फरक मला टक्क्यांत दिसला नसता.

परीक्षेची वाटही मोकळी आहे. एनआयओएस या मुक्त शिक्षण मंडळाची दहावी १४ वर्षं पूर्ण झाल्यावर देता येते. नोंदणी पाच वर्षं चालते, विषय सवडीने सोडवता येतात. शाळेबाहेरून परीक्षेला बसायला राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहेच.

शुद्धलेखन अजून अडतं. चुकलेले शब्द ती वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवते. काल त्यातले अकरा तिनं स्वतःच खोडले.