विश्लेषण : जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या काचेला काढता येणारी काळी जाळी चालते का?

मे महिन्याच्या उन्हात पेणच्या बाजारात किंवा रोहा स्थानकाबाहेर तासभर उभ्या राहिलेल्या कारचे दार उघडले, की आतून भट्टीसारखी झळ येते. हौसेने जपलेल्या जुन्या कारला हा ताप अधिक. काळ्या फिल्मवर बंदी असल्याने अनेक जण मागच्या काचेला आतून लावायची काळी जाळी किंवा गडद पडदा घेतात. ‘चिकटवलेली नाही, हवी तेव्हा काढता येते, म्हणजे ती कायदेशीर’ असा समज त्यामागे असतो. तो कितपत खरा आहे?

मागच्या काचेचाच प्रश्न का?

स्पोर्ट्‌स कारचे छत मागे उतरत जाते, त्यामुळे मागची काच आडवी आणि मोठी असते. दुपारचे ऊन थेट आसनांवर पडते. समोरची काच दोन थरांची (लॅमिनेटेड) असेल, तर ती बहुतेक अतिनील किरणे अडवते. मागची आणि बाजूची काच सहसा एकाच थराची, टफन्ड प्रकारची असते. तिच्यातून ही किरणे बऱ्याच प्रमाणात आत येतात. रेक्झिन तडकते, शिवण कुजते, कापडाचा रंग उडतो. जुन्या गाडीचे असे भाग पुन्हा मिळणे कठीण असते. म्हणूनच १९६०-७० च्या दशकात परदेशी स्पोर्ट्‌स कारच्या मागच्या काचेवर बाहेरून झडपांची जाळी बसवण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील फोर्ड मस्टँग हे त्याचे परिचित उदाहरण.

नियम काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० नुसार समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. म्हणजे मागच्या काचेचा निकष बाजूच्या काचेपेक्षा कडक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी अविषेक गोएंका प्रकरणात काचांवर काळी फिल्म ‘किंवा अन्य कोणतेही साहित्य’ लावण्यास देशभर मनाई केली. दंड करून न थांबता फिल्म जागेवरच काढावी, असेही पोलिसांना सांगितले. कलम १७७ च्या सर्वसाधारण तरतुदीनुसार पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी १,५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

काढता येते, तरी अडचण काय?

न्यायालयाच्या आदेशातील ‘अन्य कोणतेही साहित्य’ हे शब्द व्यापक आहेत. जाळी काचेला चिकटवली नाही, नुसती टेकवली, तरी ती ‘अन्य साहित्य’ ठरते का, याचा अर्थ रस्त्यावरचा अधिकारी लावतो. केरळमध्ये जानेवारी २०२१ मध्ये परिवहन विभागाने ‘ऑपरेशन स्क्रीन’ ही मोहीम राबवली, तेव्हा फिल्मसोबत पडदे लावलेल्या गाड्यांवरही कारवाई झाली. त्यामुळे चालत्या गाडीत मागच्या काचेला जाळी असेल, तर ‘ती निघते’ हा बचाव पुरेसा ठरेलच असे नाही.

२०२१ नंतर काय बदलले?

१ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित नियमात ‘सेफ्टी ग्लेझिंग’ला, म्हणजे आतून प्लॅस्टिकचा थर असलेल्या काचेलाही मान्यता मिळाली. त्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रमाणित फिल्म मर्यादेत असल्यास चालेल, असा निर्णय दिला. मात्र तो महाराष्ट्रावर थेट बंधनकारक नाही. शिवाय ७० आणि ५० टक्क्यांची अट कायमच आहे. इथे साधा गुणाकार लक्षात ठेवावा : काचेतून मुळात ८० टक्के प्रकाश येत असेल आणि फिल्म त्यातील ८० टक्के जाऊ देत असेल, तर उरतो ६४ टक्के. म्हणजे ‘हलकी’ फिल्मही मागच्या काचेवर नियम मोडू शकते. गडद जाळीचा तर प्रश्नच नाही.

विंटेज नोंदणी असेल तर?

जुलै २०२१ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातील दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे चालते. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नाही. १९६१ पासून भारतात बनलेली दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड या वयात बसते; १९८४ मध्ये आलेली कॉन्टेसा अजून नाही. ‘व्हीए’ क्रमांक मिळाला म्हणून काच झाकण्याची सवलत मात्र मिळत नाही. मूळ स्वरूप जपायचे असल्याने चिकटणारी फिल्म टाळलेलीच बरी. ती काढताना गोंद राहतो, काचेवर तापतारा असतील तर त्याही उखडू शकतात.

मग जाळी कशी वापरावी?

रायगडमध्ये पेणच्या परिवहन कार्यालयाची नोंदणी ‘एमएच ०६’ने होते. रोह्याच्या गाड्याही त्यातच येतात. मुंबई-गोवा महामार्गावर पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड या पट्ट्यात पावसाळ्यात आणि गणपतीच्या गर्दीत मागून येणारा ट्रक किंवा दुचाकी दिसणे हे दंडापेक्षा महत्त्वाचे. संध्याकाळी पावसात मागच्या काचेवर पाणी, त्यात जाळी, म्हणजे आतला आरसा जवळपास निरुपयोगी.

त्यामुळे साधी शिस्त पुरे : गाडी उभी असताना जाळी लावावी, किल्ली फिरवण्याआधी काढून डिकीत ठेवावी. झाकण काचेच्या बाहेरून असेल, तर आत शिरणारी उष्णता अधिक अडते. आतली जाळी ऊन आत आल्यानंतरच अडवते आणि स्वतः तापते. म्हणून लांब काळ उभ्या गाडीला सुती, हवा खेळणारे बाहेरचे आच्छादन अधिक उपयोगी. पावसाळ्यात मात्र ओले आच्छादन तसेच ठेवू नये, पत्र्याला गंज धरतो. जाळी असली तरी बंद गाडीत मूल किंवा पाळीव प्राणी क्षणभरही ठेवू नये. तापमान वाढायला अर्धा तासही लागत नाही.