मोबाईलवर आवडलेला रंग भिंतीवर वेगळा का दिसतो?

पेण-रोह्याकडे घर रंगवायचं ठरलं की आता शेड कार्डच्या आधी मोबाईल हातात येतो. एशियन पेंट्ससारख्या कंपन्यांच्या अ‍ॅपमध्ये घराचा फोटो टाकला की भिंत लगेच रंगलेली दिसते. पण तेवढ्यावरून डबे आणू नका! रंग चुकला तर परांची आणि मजुरीचा खर्च दुप्पट.

स्क्रीन स्वतः प्रकाश देते, तर भिंत तिच्यावर पडलेलं ऊन परावर्तित करते. शिवाय ब्राइटनेस, नाइट मोड आणि कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स यांनीही रंग बदलतो.

मग काय कराल?

1. नाइट मोड बंद करून दोन-तीन शेड निवडा.
2. त्यांचा एलआरव्ही बघा. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे पांढरा. साधारणपणे आकडा जास्त, तर भिंत कमी तापते.
3. छोटा डबा आणा. गिलाव्यावर प्रायमर लावून 2 बाय 2 फुटांत दोन हात मारा. वाळल्यावर सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा.
4. कोकणातल्या पावसात भिंतीला शेवाळ धरतं. म्हणून शेवाळरोधक एक्स्टिरियर पेंटच घ्या.

दुकानात रंगाचं नुसतं नाव नको, शेडचा कोड सांगा.