अंगावरचे दूध आणि बुडीत मजुरी

मूल जन्मल्यावर पहिल्या तासाभरात त्याला अंगावर घ्यावे, सुरुवातीचा घट्ट पिवळसर चीक टाकून न देता पाजावा आणि पुढे सहा महिने आईच्या दुधाखेरीज दुसरे काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आज अंगणवाड्यांतून आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांतून प्रत्येक बाळंतिणीला सांगितली जाते. शिफारस शास्त्रशुद्ध आहे, तिच्याविषयी वाद नाही. परंतु ती पाळायची तर आई आणि मूल या काळात दोन-तीन तासांहून अधिक वेळ एकमेकांपासून दूर राहू शकत नाहीत, आणि ही अट शिफारशीत उच्चारलेली नसल्यामुळे ती पुरी करण्याचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. जळगाव जिल्ह्यातल्या यावलसारख्या तालुक्यात, जेथे उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला तापी यांच्यामधल्या पट्ट्यात कोणाचे काम केळीच्या बागेत, कोणाचे कापसात, कोणाचे पाड्यावरच्या शाळेत तर कोणाचे तापीपलीकडच्या भुसावळात असते, तेथे बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांचे रूप याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

दूध तयार होण्याची क्रिया मागणीवर चालते. मूल चोखू लागले की आईच्या मेंदूतल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक, म्हणजे रक्तातून संदेश नेणारे द्रव्य, स्रवते आणि त्यामुळे पुढच्या खेपेचे दूध तयार होते. त्याच वेळी ऑक्सिटोसिन हे दुसरे संप्रेरक तयार असलेले दूध बाहेर ढकलते, ज्याला बायका पान्हा फुटणे म्हणतात. स्तन वेळेवर रिकामे झाले नाहीत, तर साचलेले दूधच पुढची निर्मिती मंदावते आणि काही दिवसांत दूध खरोखरच आटू लागते. म्हणूनच जुळ्यांच्या आईला दोन मुलांपुरते दूध येऊ शकते आणि एकाच मुलाच्या आईला, ती दिवसभर कामावर राहू लागली तर, एकापुरतेही पुरत नाही. रात्री प्रोलॅक्टिनचे प्रमाण अधिक असल्यामुळे दिवसा दूर राहणाऱ्या आईने रात्रीचे पाजणे सोडू नये, असे डॉक्टर सांगतात आणि ते खरेही आहे. मात्र त्याचा अर्थ असा होतो की दिवसाचे काम करणारी बाई रात्रीची झोपही पुरी घेत नाही. खानदेशच्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, तान्ह्याला तहान लागली असेल या काळजीने घरातली वडीलधारी माणसे चमचाभर पाणी पाजतात. परंतु आईचे दूध बहुतांशी पाणीच असते, उन्हाळ्यातही मुलाची तहान त्याने भागते, आणि वरच्या पाण्याने जुलाबाचा धोका वाढून भूक मात्र मरते. आई शेतात आणि मूल घरी असले, की नेमका हा चमचा पुढे येतो.

यावल आणि रावेर हे तालुके केळीसाठी ओळखले जातात. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली मृगबाग आणि पावसाळ्यानंतरची कांदेबाग अशा दोन लागवडींमुळे येथे शेतमजुरीला कापसासारखा एकच हंगाम नसतो आणि बायकांना निंदणी, खत देणे अशी कामे वर्षाचा बराच काळ मिळतात. याचा फायदा उघड आहे, पण बाळंतिणीच्या दृष्टीने त्याला दुसरी बाजू आहे: काम कधीच थांबत नसल्यामुळे घरी राहिलेला प्रत्येक दिवस हा बुडालेला दिवस ठरतो. कापूसवेचणीचा हिशेब याहून कठीण आहे, कारण निंदणीला रोज मिळतो आणि वेचणीला किलोवर पैसे मिळतात. रोजावर गेलेली बाई बांधावरच्या झाडाला बांधलेल्या झोळीतल्या मुलाला पाजायला बसली तर फार तर मुकादमाची कुरकुर ऐकावी लागते. वेचणीत मात्र पाजण्याचा अर्धा तास थेट तराजूत दिसतो. शिवाय ज्या कापसावर किंवा बागेत नुकतीच फवारणी झाली आहे, तेथे तान्हे मूल नेणे धोक्याचे असते, आणि तेव्हा त्याला घरी ठेवण्यावाचून गत्यंतर उरत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्यांमधल्या मजुरांना तर बागांपर्यंत पोचण्यासाठीच बरेच अंतर तोडावे लागते, त्यामुळे दुपारी घरी येऊन पाजून परत जाण्याची सोय त्यांच्यापैकी अनेकींना नसते.

या देशात बाळंतपणाच्या रजेचा कायदा प्रथम मुंबई इलाख्यात 1929 साली झाला, आणि त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतीच्या आधीची आणि नंतरची विश्रांती ही राष्ट्रहिताची बाब असल्याचे मांडले होते. त्या कायद्याच्या नजरेसमोर कारखान्यातली स्त्री होती. गिरणीत जाणाऱ्या आया मूल दिवसभर गुंगीत राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देत, ही गोष्ट त्या काळात उघड होती आणि 1929 साली नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगापुढेही ती आली. खानदेशातही जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथे कापडगिरण्या होत्या. परंतु गिरणीला लागणारा कापूस वेचणारी बाई कायद्याबाहेरच राहिली, आणि थोडे बारकाईने पाहिले तर ती अजूनही बाहेरच आहे.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती होऊन पगारी रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली, म्हणजे निव्वळ आईच्या दुधाच्या सहा महिन्यांशी ती जवळजवळ तंतोतंत जुळली. त्यातील आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. दोन मुले हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला मात्र 12 आठवडेच मिळतात, आणि पहिल्याच खेपेला जुळे झाले असेल तर कायद्याच्या शब्दानुसार दुसरे बाळंतपणही त्याच कात्रीत सापडते. कामावर परतल्यावर मूल 15 महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी रोज दोन सुट्या, आणि जेथे 50 किंवा अधिक माणसे कामाला आहेत तेथे पाळणाघर व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा, अशा तरतुदी आहेत. त्यासाठी आधीच्या 12 महिन्यांत एका मालकाकडे किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते. आज या बागेत, उद्या त्या शेतात जाणाऱ्या मजूर बाईचे वर्षाला 200 दिवस भरतील, पण एका मालकाकडचे 80 दिवस भरणे दुर्मीळ.

यातली सर्वांत बोलकी तरतूद 'मळा' या शब्दाच्या व्याख्येत आहे. मातृत्व लाभ कायदा कारखाने, खाणी, दुकाने यांच्याबरोबर मळ्यांनाही लागू झाला, परंतु मळा म्हणजे काय हे त्याने 1951 च्या मळेकामगार कायद्यावरून घेतले, आणि त्या कायद्यात चहा, कॉफी, रबर, सिंकोना आणि वेलदोडा एवढीच पिके नावानिशी आली. केळी त्यात नाही. आसामच्या चहामळ्यात पाने खुडणाऱ्या स्त्रीला जो हक्क कागदावर तरी मिळाला, तो यावलच्या केळीबागेत राबणाऱ्या स्त्रीला मिळाला नाही. येथल्या बागा लहान-मोठ्या शेतकऱ्यांच्या मालकीच्या आणि मजूर फिरते, त्यामुळे केवळ यादीत केळी घातल्याने प्रश्न सुटला असता असे नाही. तरीही भौगोलिक मानांकन मिळवलेल्या आणि परदेशी जाणाऱ्या पिकाबाबत हा प्रश्न कोणी गंभीरपणे उपस्थित करू नये, हे विचित्रच म्हटले पाहिजे.

रजेच्या जागी असंघटित स्त्रियांना रोख रक्कम मिळते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान 6000 रुपये देण्याचे कबूल केले. 2017 पासूनची प्रधानमंत्री मातृवंदना योजना पहिल्या अपत्याला 5000 रुपये आणि पुढे झालेल्या सुधारणेनुसार दुसरे अपत्य मुलगी असल्यास 6000 रुपये देते. पहिल्या अपत्याच्या 5000 रुपयांची 26 आठवड्यांवर वाटणी केली तर दिवसाला 28 रुपयेही पडत नाहीत. त्यातच दुसरा हप्ता बाळाची जन्मनोंद आणि लसीकरणाची पहिली फेरी पुरी झाल्यावर मिळतो. म्हणजे हा पैसा लसीकरणाला उत्तेजन म्हणून चांगला, पण मजुरीची भरपाई म्हणून फार उशिराचा आणि फार थोडा. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमाखालील मागास तालुक्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील गरोदर स्त्रियांसाठी जे साहाय्य आहे, त्याला मात्र 'बुडीत मजुरी' असे सरळ नाव आहे. ते नववा महिना आणि प्रसूतीनंतर अशा दोन टप्प्यांत मिळते, आणि विश्रांतीची किंमत असते हे निदान त्या नावाने मान्य केले आहे. आदिवासी क्षेत्रातल्या गावांसाठी 2015 साली सुरू झालेल्या अमृत आहार योजनेत गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीपासून मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत अंगणवाडीत रोज एक वेळचे गरम जेवण मिळते. ते जेवण अंगणवाडीत येऊन घ्यायचे असते, आणि ती वेळ शेतातल्या कामाचीही असते, हा पेच योजनेच्या रचनेतच आहे.

परंपरेने बाळंतिणीला सव्वा महिना दिला. पहिले बाळंतपण माहेरी, पाचवीची पूजा, बारसे, शेकशेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू या सगळ्यातून तिला अंथरूण आणि दुसऱ्या बाईचे हात मिळत. ही रीत सर्वच बाबतींत हितकारक होती असे म्हणता येत नाही, बंद खोलीतली धुरी तर बाळाच्या फुप्फुसांना घातकच. पण कामातून सुटका हा तिचा गाभा होता. विशेष म्हणजे सरकारी व्यवस्थेची पहिली फेरीही जवळजवळ तेव्हाच संपते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची जी पद्धत सिद्ध केली आणि जी पुढे 2011 पासून देशभर स्वीकारली गेली, तिच्यानुसार रुग्णालयात प्रसूती झाल्यावर आशा सेविका 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. त्यानंतरच्या नव्या भेटी तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतात. सव्वा महिना संपतो, माहेरची पाठवणी होते, आशाच्या भेटी थांबतात आणि मजूर बाई पुन्हा कामाला लागते, हे सारे सुमारे एकाच पंधरवड्यात घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते विकसनशील देशांत सुमारे पाचांपैकी एका मातेला प्रसूतीनंतर मानसिक आजाराचा, प्रामुख्याने नैराश्याचा, त्रास होतो. पहिल्या आठवड्यांतली रडवेली अवस्था आपोआप ओसरते, परंतु झोप, भूक आणि बाळाविषयीची ओढ यांवर दोन आठवड्यांहून अधिक काळ परिणाम दिसत असेल तर उपचार लागतात. पहिल्या सहा आठवड्यांनंतरही हे ओळखले जायला हवे, पण तेव्हापासून तिसऱ्या महिन्यापर्यंत आशाची एकही ठरलेली भेट नसते.

पगारदार स्त्रीची अडचण निराळी. शिक्षिका, परिचारिका, बँकेतली किंवा भुसावळच्या रेल्वेतली कर्मचारी यांना सुमारे सहा महिन्यांची रजा असते, आणि रजा संपताना मूल वरण-भाताची पेज, कुस्करलेले केळे असे वरचे अन्न खाऊ लागलेले असते. ज्यांना त्याआधी परतावे लागते, त्यांना दूध हाताने किंवा पंपाने काढून ठेवण्याचा मार्ग आहे. काढलेले दूध 25 अंशांपर्यंत सुमारे चार तास आणि फ्रिजमध्ये सुमारे चार दिवस टिकते. खानदेशातल्या एप्रिल-मे महिन्यांत मात्र बाहेर ठेवलेल्या दुधाचा भरवसा धरू नये. ते बाटलीपेक्षा वाटी-चमच्याने किंवा घरातल्या जुन्या बोंडल्याने पाजणे अधिक सुरक्षित, कारण ही भांडी नीट उकळून घेता येतात. कामाच्या जागी दूध काढायला आडोसा लागतो, आणि साधे दार लागणारे स्वच्छतागृहही नसलेल्या पाड्यावरच्या शाळेत तो मिळत नाही. दुसऱ्यांची मुले सांभाळणारी अंगणवाडी सेविका स्वतःच्या तान्ह्याला घेऊन येते तेव्हा निदान मूल जवळ असते, एवढ्यापुरती ती बँकेतल्या बाईपेक्षा सुदैवी. तिला पगार नसून मानधन असते, हा भाग वेगळा.

मजूर आईचे मूल शेवटी सांभाळते कोण, याचे उत्तर बहुधा सासू किंवा मोठी मुलगी असे येते. धाकट्याला सांभाळण्यासाठी घरी राहणारी मुलगी शाळेत यावी म्हणून बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासींमध्ये काम करताना पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र बांधलेली विकासवाडी उभी केली होती. केंद्र सरकारच्या सध्याच्या पाळणा योजनेत, जिच्यामध्ये अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जाते, सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतची मुले घेतली जातात. पगारदार आईची रजा जेथे संपते तेथेच ही सोय सुरू होते. सहाव्या-सातव्या आठवड्यात निंदणीला गेलेल्या बाईचे मधले साडेचार महिने दोन्हींच्या बाहेर पडतात. या महिन्यांना लागू पडेल अशी तरतूद 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात होती: कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्या बायकांपैकीच एकीला मुले सांभाळायला बसवावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. केळीच्या बागेत एकाच टोळीतल्या बायका बरोबर येतात आणि मुलेही बरोबर असतात, त्यामुळे ही व्यवस्था तेथे अशक्य नाही. फक्त झोळीजवळ बसलेल्या त्या बाईचा रोज बागमालकाने द्यायचा, मुकादमाने द्यायचा की ग्रामपंचायतीने, हे अजून कोणत्याही कायद्याने ठरवलेले नाही.