घर विकायचंय? रंगाऱ्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन करा

बोरिवली, मुलुंडमध्ये फ्लॅट विकायला काढला की पहिला फोन जातो रंगाऱ्याला, दुसरा एजंटला. सोसायटीच्या ऑफिसची आठवण होते ती टोकन हातात आल्यावर. आणि बरेच व्यवहार अडकतात ते तिथेच.

हे अडकणं महागात पडतं. अंधेरीतला वन बीएचके विकून येणाऱ्या पैशांच्या भरवशावर अनेक कुटुंबं ठाणे-डोंबिवलीत मोठं घर बुक करतात. इकडचा खरेदीदार कागद अपुरे म्हणून थांबतो, तिकडच्या बिल्डरचा हप्ता थांबत नाही.

म्हणून आधी शेअर सर्टिफिकेट शोधा. त्यावर अजून दिवंगत वडिलांचंच नाव असेल तर काम मोठं आहे. 'मी नॉमिनी आहे, म्हणजे घर माझं' हा सर्रास गैरसमज. नॉमिनी झाल्याने मालकी मिळत नाही. मृत्युपत्र नसेल तर सगळ्या कायदेशीर वारसांचा हक्क असतो. पुण्यातली बहीण, अमेरिकेतला भाऊ, सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं आणि त्यात महिने जाऊ शकतात. सर्टिफिकेट हरवलं असेल तर पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना, इंडेम्निटी बाँड आणि मग डुप्लिकेट, असा तो प्रवास असतो.

जुन्या इमारतींत तुम्ही तिसरे-चौथे मालकही असू शकता. अशा वेळी पहिल्या मालकापासूनचे सगळे करार एकत्र हवेत. मधला एखादा गहाळ असला तर खरेदीदाराच्या बँकेचा वकील कर्ज अडवू शकतो.

सोसायटी किती पैसे मागू शकते?

महापालिका क्षेत्रात ट्रान्सफर प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार रुपये आहे. त्यावर 'देणगी' सक्तीने घेता येत नाही. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी एनओसीची गरज नाही, पण कर्ज देणारी बँक ती मागतेच. थकीत मेंटेनन्स आधीच भरून टाका.

जाहिरातीत 'पार्किंगसह' लिहिण्यापूर्वी मात्र थांबा. बिल्डरला स्टिल्ट पार्किंग वेगळं विकता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केलं. ती जागा सोसायटीची. नव्या मालकाला ती मिळेल का, हे कमिटीलाच विचारा.

मग घराचं काय?

रंग द्याच, पण गळती थांबवून, भिंत सुकल्यावर. छताच्या एकाच कोपऱ्यात ताजा रंग दिसला की चार घरं बघून आलेला माणूस काय ते समजतो. गच्चीतून पाणी झिरपत असेल तर दुरुस्ती सोसायटीने करायची, वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून असेल तर त्या फ्लॅटधारकाने.

नवं किचन बसवण्यात लाखो रुपये घालणं बहुतेकदा वाया जातं, कारण येणारा ते तोडून आपलं बसवतो. त्यापेक्षा ठिबकणारा नळ, सैल स्विचबोर्ड, न लागणारी कडी दुरुस्त करा. खिडकीच्या ग्रिलमधल्या बादल्या आणि कुंड्या काढल्या तरी खोलीत उजेड वाढतो. चारशे चौरस फुटांत तेवढंही खूप. ऊन येतं त्या वेळेलाच लोकांना बोलवा. (आणि त्या दिवशी सुके बोंबील नकोत, कितीही आवडत असले तरी.)

बाल्कनी आत घेतली असेल तर लपवू नका. बँकेचा माणूस मंजूर नकाशा घेऊन येतो. क्षेत्रफळही कार्पेटच सांगा. 'सुपर बिल्ट-अप' वाचून आलेला ग्राहक आता खिशातून टेप काढतो.

इमारत ३० वर्षांहून जुनी असेल तर 'रिडेव्हलपमेंट कधी?' हा प्रश्न येणारच. अशा इमारतींना उपविधींनुसार दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. त्या अहवालाची आणि रिडेव्हलपमेंटचा विषय निघालेल्या शेवटच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत मागून ठेवा. तारखेचं आश्वासन मात्र स्वतःहून देऊ नका. ते कमिटीलाही देता येत नाही.