दप्तरातली आनंदी

फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या दप्तरात २८ जून १८८३ या तारखेचं एक इंग्रजी पत्र आहे. कॉलेजच्या अल्फ्रेड जोन्स यांच्या नावे लिहिलेला हा प्रवेशाचा अर्ज आहे आणि अर्जदार आहेत अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून मी इथवर आले, तोच निर्धार मला शिक्षणही पार पाडायला लावील, असं त्या लिहितात. आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, म्हणून मला शिकायचं आहे. स्वतःसाठी काही मागत नाही; या कामाला लागेल तेवढं मात्र द्या.

आनंदीबाईंची कथा मराठी घरांना पाठ आहे: कल्याणची यमुना (त्यांचं माहेरचं नाव), दहा दिवसांत गेलेलं मूल, अभ्यासाचा ध्यास घेतलेले पती गोपाळराव. पण कथा-कादंबऱ्यांत गोपाळरावांचा धाक इतका व्यापून राहतो की आनंदीबाईंचा स्वतःचा आवाज दबतो. या अर्जात त्या स्वतः बोलतात. कोण्या कारकुनाने तो जपून बांधला, म्हणून आपल्याला तो ऐकू येतो.

त्याच दप्तरात हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्रावरचा त्यांचा प्रबंध आहे. १० ऑक्टोबर १८८५ चं छायाचित्रही आहे: आनंदीबाई, जपानची केई ओकामी, सीरियाची साबात इस्लांबुली, तिघी आपापल्या देशी पोशाखात. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला, वयाची बावीस वर्षंही पुरी न होता, पुण्यात वारल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातली नेमणूक तशीच राहिली.

१८५० मध्ये निघालेलं ते कॉलेज आज त्या नावाने उरलेलं नाही. तिथे मुलांनाही प्रवेश मिळू लागल्यावर १९७० मध्ये नाव बदललं. पुढे ते दुसऱ्या संस्थेत विलीन झालं आणि अखेर ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आलं. दप्तर मात्र प्रत्येक वेळी सोबत गेलं.

वाशीमकडच्या आमच्या मालेगावचाही जिल्हा असाच बदलत गेला. आनंदीबाई अर्ज लिहीत होत्या तेव्हा वऱ्हाडात वाशीम हा वेगळा जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला आणि मालेगाव अकोल्यात गेलं. १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला. या फेऱ्यांत कोणते कागद कुठल्या कचेरीत राहिले, हे शोधायला हवं.

आपल्याकडे शाळेचं जुनं रजिस्टर उघडतं ते बहुधा जात पडताळणीसाठी. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. मग आजोबांचं नाव शोधत माणसं शाळेत येतात. दाखल-खारीज रजिस्टरच्या ओळीवरून बोट सरकत जातं, जातीच्या रकान्याशी थांबतं आणि उतारा घेऊन माणूस परततो. त्याच ओळीत जन्मगाव, पूर्वीची शाळा, वर्तणूक आणि ‘शाळा सोडल्याचे कारण’ असतं. आजोबांची शाळा कशी सुटली हे तिथे कळू शकतं. ते वाचायला कुणी थांबत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तरी दाखल-खारीज निदान टिकतं, कारण त्याची सरकारला आणि लोकांना रोज गरज पडते. खरी भीती बाकीच्या कागदांची आहे. सरकारी पद्धतीत अभिलेखांचे वर्ग असतात: ‘अ’ कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच आणि ‘ड’ एक वर्ष. मुदत संपली की निर्लेखन, म्हणजे कागद नष्ट. आनंदीबाईंचा अर्ज आपल्याकडे आला असता, तर कोणत्या गठ्ठ्यात बांधला गेला असता? माझ्या मते ‘अ’ मध्ये नक्कीच नाही.

म्हणून मालेगाव, शिरपूर, मेडशी इथल्या जुन्या शाळांत आधी शेरेबुकं, हजेरीपट आणि आवक-जावक रजिस्टरं पाहावीत. तपासणीला आलेल्या साहेबाने शाळेबद्दल काय लिहिलं, कापूस वेचणीच्या दिवसांत किती मुलं गैरहजर राहिली, मुलींची नावं पटावर कधीपासून येऊ लागली, हे त्यांतूनच कळेल. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, त्यांच्यासमोरच, निर्लेखनाच्या आधी पानापानाचे फोटो काढून घ्यावेत आणि एक प्रत शाळेकडेच ठेवावी.