सूक्ष्म इंजिनं, भाग ६ : दोन स्पिनचं सामाईक खातं

मागच्या भागात एका स्पिनचं, म्हणजे कणातल्या इवल्या चुंबकाचं, ऑटो चक्र पाहिलं. गरम साठ्याकडून उष्णता घ्यायची, चुंबकक्षेत्र उतरवून काम काढायचं, थंड साठ्यात उष्णता सोडायची, क्षेत्र पुन्हा चढवायचं. कार्यक्षमता ठरते ती ऊर्जापातळ्यांमधल्या दोन वेळच्या अंतरांवरून. तापमानं त्या सूत्रात येतच नाहीत. २०१९ मध्ये ब्राझीलमधल्या शास्त्रज्ञांनी क्लोरोफॉर्मच्या रेणूतल्या कार्बन-१३ च्या अणुकेंद्रकाच्या स्पिनवर हे चक्र चालवलं. उष्णता पोचवायला शेजारचाच हायड्रोजन. अंतर वारंवारितेत मोजलं तर एकदा २ किलोहर्ट्झ, एकदा ३.६. भागाकार करून एकातून वजा करा: कमाल ४४ टक्के. प्रत्यक्ष हाती आले ४२!

आता दोन स्पिन एकमेकांशी बांधू आणि दोघांचं मिळून एक इंजिन करू. मोहालीच्या आयसरमधल्या जॉर्ज थॉमस आणि रमनदीप जोहल यांनी २०११ मध्ये हा हिशेब मांडला.

अशा जोडीच्या चार पातळ्या असतात. दोन्ही स्पिन क्षेत्राच्या दिशेने, किंवा दोन्ही उलट, या दोन पातळ्या क्षेत्र बदललं की सरकतात. उरलेल्या दोन पातळ्यांत स्पिन परस्परविरुद्ध असतात, त्यामुळे क्षेत्र कितीही फिरवा, त्या ढिम्म. काम निघतं ते फक्त सरकणाऱ्या पातळ्यांतून. मग बाकीच्या दोन फुकट खाणाऱ्या?

तसं नाही. जोडीच्या ऊर्जेची दोन खाती आहेत, एक क्षेत्राचं आणि एक बंधाचं; ढिम्म पातळ्यांची ऊर्जा सगळी बंधाच्या खात्यातली. चक्रभर बंधाची ताकद तीच ठेवली आहे, म्हणून बंधाच्या खात्यात एका साठ्याकडून जेवढी ऊर्जा येते तेवढीच दुसऱ्याकडे जाते. काम शून्य. पण बंध बेताचा असेल, तर ही ये-जा उलटी, थंडाकडून गरमाकडे होऊ शकते. समजा, क्षेत्राच्या खात्यावर गरम साठ्याने १०० एकक दिले, त्यातून २५ काम झालं, आणि बंधाच्या खात्यातून ५ त्याला परत मिळाले. खर्च ९५, काम तेच २५. कार्यक्षमता २६ टक्क्यांच्या वर गेली.

यात उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडत नाही. एकूण उष्णता गरमाकडूनच थंडाकडे जाते, आणि थॉमस-जोहल यांनी काढलेली कार्यक्षमतेची कमाल मर्यादा तर दोन साठ्यांच्या तापमानांवरून ठरणाऱ्या कार्नोच्या मर्यादेहूनही कडक आहे. ‘क्वांटम इंजिनाने कार्नोला हरवलं’ अशा मथळ्यांमागे बहुधा कुठल्या तरी खात्यातला खर्च धरायचा राहिलेला असतो.

विचित्र भाग पुढे आहे. एकेका स्पिनचा सुटा हिशेब केला, तर काही परिस्थितीत प्रत्येक जण थंडाकडून उष्णता उचलून गरमाकडे टाकताना दिसतो. जोडी मात्र सरळ चालते! कारण बंधातली ऊर्जा कुणा एकाच्या नावावर लिहिता येत नाही, आणि एकट्या स्पिनला लावता येणारं तापमान साठ्याच्या तापमानाशी जुळत नाही.

बंध आवळत गेलं की फायदाही वाढत जाईल, असं मात्र समजू नका. स्पिनना विरुद्ध ठेवणारा बंध फार बळकट झाला, तर जोडी सर्वांत खालच्या ढिम्म पातळीत अडकते. गरम साठाही तिला हलवू शकत नाही आणि इंजिन बंद पडतं.

इथवर बंध कायम ठेवून क्षेत्र बदललं. क्षेत्र कायम ठेवून बंधच सैल-घट्ट केला, तर ढिम्म पातळ्याही सरकू लागतात. ते पुढच्या आठवड्यात.